टेंभुर्णीच्या रानातला अँटेना

जमिनीत रेडिओलहरी सोडून तिचा ओलावा जोखणाऱ्या रडारचे अँटेना बनवणं हे माझं काम. हवेत टांगून तपासलेल्या अँटेनावर मी भरवसा ठेवत नाही. त्याचा तांब्याचा भाग तेवढा माझा. उरलेला भाग जमीनच असते, आणि ती दर पाण्याला बदलते.

टेंभुर्णीच्या आसपास वर काळी चिकण माती, खाली मुरूम. 1980 साली उजनी धरण झालं, उसाचं रान वाढलं. मे महिन्यात पडीक तुकड्याला मनगट जाईल एवढ्या भेगा, तर बांधापलीकडच्या सरीत पाय घोट्यापर्यंत रुततो. कोरड्या मातीचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (तो जितका मोठा, तितकी लहर संथ) 4-5, पाण्याचा 80. त्यामुळे कोरड्यावर 400 मेगाहर्ट्झला जुळवलेला साधा डायपोल भिजल्या काळ्या मातीवर ठेवला, की ढोबळमानाने 200 वर घसरतो.

म्हणून मी डमरूच्या आकाराचे तांब्याचे पत्रे वापरतो. रुंद पात्यांना ही घसरण सोसते. टोकांना रोधक जोडतो. ते नसले तर लहर टोकावरून मागे फिरते, अँटेना घुमत राहतो आणि वरच्या वीतभर मातीचा क्षीण प्रतिध्वनी त्यात बुडतो. रोधक बरीच ताकद खातात. खाऊ देत.

खरी परीक्षा सळईची. खड्ड्याच्या भिंतीत 50 सेंटिमीटर खोलीवर लोखंडी सळई आडवी ठोकायची आणि वरून अँटेना ओढायचा. प्रतिध्वनी 10 नॅनोसेकंदांनी आला तर स्थिरांक 9, 17 नी आला तर 26. स्थिरांकावरून ओलावा काढणाऱ्या टॉप आणि सहकाऱ्यांच्या सूत्राने (उजनीसारखं तेही 1980 चंच) आकारमानाने ओलावा अनुक्रमे 17 आणि 41 टक्के. भारी चिकणमातीत मात्र ते सूत्र चुकतं. नमुने भट्टीत वाळवून स्वतःचा आलेख काढावाच लागतो. रान कधी मोजायचं, हे शेतकरीच सांगतो: "साहेब, वाफशावर या, आत्ता नुसता चिखल हाय."

मंगळावर 2021 पासून फिरणाऱ्या पर्सिव्हिअरन्स गाडीचं रडार दहा मीटरहून खोल पाहतं. तिथली जमीन कोरडी आहे. इथे चिकणमाती, ओल आणि क्षार मिळून लहर गिळतात. चोपण रानात तर वरचा अर्धा मीटर नीट दिसला तरी पुष्कळ. ओलावा जोखायला मला तेवढा पुरतो, म्हणून मी खोलीच्या मागे लागत नाही.

काळ्या रानात तीन मीटर खोल दाखवणारं यंत्र कुणी विकायला आलं, तर पाणी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या उसात चालवून दाखवायला सांगा.