दोन शहरांचा ताळेबंद

मुंबई बरी की पुणे बरे, हा प्रश्न मराठी माणसाला कधी ना कधी पडतोच. बी. कॉम. झालेल्याला तो पडला की तो कागदावर मधोमध रेघ मारतो. डावीकडे नावे, उजवीकडे जमा. यंदा बदलीच्या अर्जात ‘पसंतीचे शहर’ असा रकाना दिसला आणि मीही रेघ मारली.

प्रथम जागा. गिरगावातल्या चाळीत आमची दीड खोली आहे. त्यातली अर्धी कोणती, यावर घरातल्या तीन पिढ्यांचे अजून एकमत नाही. पुण्यात दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि तुळशीपुरती बाल्कनी मिळते. पुणे जमा.

मग हवा. मुंबईत पावसाळा सोडला तर घाम आणि पावसाळ्यात दोन्ही. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंच. ही उंची पुणेकर बोलतानाही सोडत नाही, पण रात्री पंख्याशिवाय झोप लागते म्हणतात. चला, हेही जमा.

आता वेळ. 1853 साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, तेव्हापासून मुंबईकर धावतोच आहे. पण धावून तो कुठेतरी पोचतो. पुण्यातले मेहुणे म्हणाले, “बँक घरापासून फक्त चार किलोमीटर!” मला गहिवरून आले. “किती वेळ लागतो?” “पाऊण तास. सिग्नल मिळाले तर.” एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून मिरवणाऱ्या पुण्यात 2022 पासून मेट्रोही धावते, पण पुणेकराची स्कूटर सुटता सुटत नाही. इथे दोन्ही शहरे नावे.

काही जण हा प्रश्न रोज पुढे ढकलतात. 1 जून 1930 पासून त्यांच्यासाठी दख्खनची राणी आहे. एका शहरात झोपायचे, दुसऱ्यात जागे व्हायचे, मधल्या 192 किलोमीटरांत ऑम्लेट खायचे.

आमची अडचण वेगळी. आईला चौऱ्याहत्तरावे लागले आहे, चाळीचा जिना लाकडी आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर. मेहुण्यांनी तळमजल्याचा ब्लॉक बघून ठेवला आहे. गुडघ्यांचे मत पुण्याला आहे.

पण सकाळी आई गॅलरीत स्टूल टाकून बसते. जिन्याकडे जाणाऱ्या प्रत्येकाला तिच्यासमोरून जावे लागते. कुणाची परीक्षा, कुणाचा ताप, कुणाचे जमत आले आहे, सगळे तिला ठाऊक. गेल्या पावसाळ्यात तिला चक्कर आली, तेव्हा मी गाडीतून उतरायच्या आत शेजारच्या चौघांनी तिला खुर्चीत बसवून, उचलून डॉक्टरकडे नेलेसुद्धा होते. टॅक्सीचे पैसे कुणी दिले, ते अजून कुणी सांगत नाही.

मी तिला पुण्याचे सगळे आकडे वाचून दाखवले. तिने शांतपणे ऐकले आणि म्हणाली, “तिथे मला जिना चढावा लागणार नाही, हे खरं. पण इथे माझ्यासाठी जिना चढून माणसं येतात, ती कुठे लिहिलीस?”

बी. कॉम.ला हे शिकवले नव्हते. ताळेबंद जुळला नाही की फरकाची रक्कम तात्पुरती सस्पेन्स खात्यात टाकतात, एवढे मात्र शिकवले होते. माझ्या कागदावर बाकी सगळे जुळते, आईचे स्टूल तेवढे उरते. ते सध्या सस्पेन्स खात्यात, म्हणजे गॅलरीतच, ठेवले आहे.