नळीचं जेवण

बंगळुरूच्या जे. पी. नगरातल्या रंगशंकरा नाट्यगृहात साडेसातचं नाटक म्हणजे साडेसातच. उशिरा आलेल्याला आत घेत नाहीत. त्याच भागात राहणाऱ्या, मूळच्या निपाणीच्या एका निवृत्त शिक्षिकेला ही शिस्त पूर्वीपासूनच पसंत. आता नाटकाच्या दिवशी त्यांचं जेवणही तिच्यावरच ठरतं.

सहाला ताठ बसायचं. ५० मिलीच्या सिरिंजचा दट्ट्या काढून ती पोटावरच्या नळीला जोडायची. आधी थोडं पाणी, मग रागीचं पातळ माल्ट, शेवटी पुन्हा पाणी. ढकलाढकली नाही; सिरिंज उंच धरली की आपसूक उतरतं. नंतर तासभर आडवं व्हायचं नाही, नाहीतर पोटातलं वर येऊन श्वासनलिकेत जायचं. नाट्यगृहाची खुर्ची त्यासाठी उत्तम.

नळी त्यांनी पहिल्यांदा पाहिली सासूबाईंच्या नाकात. राइल्स ट्यूब. ब्रिटिश डॉक्टर जॉन राइल यांनी १९२१ मध्ये प्रचारात आणलेली ही नळी नर्स आजही नाकाच्या शेंड्यापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून छातीच्या हाडाच्या टोकापर्यंत मापून घालते. तेव्हा बाईंनी मनाशी धरलं होतं, नळी आली की माणूस संपला.

मग २०११ साली वर्तमानपत्रांत अरुणा शानबाग. मूळची हळदीपूरची, मुंबईच्या केईएममधली परिचारिका. १९७३ मध्ये तिच्यावर झालेल्या हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेली. तिचं अन्न थांबवावं ही मागणी सर्वोच्च न्यायालयानं फेटाळली. मलेरियानंतर तिलाही राइल्स ट्यूब लागली होती. त्याआधी कितीतरी वर्षं परिचारिकांनी तिला मऊ केलेलं अन्न भरवलं. मासे आणि चिकन सूप दिलं की ती हसते, असं डॉक्टरांनी न्यायालयाला कळवलं होतं. बाईंच्या लक्षात निकालापेक्षा ते सूपच राहिलं.

स्वतःवर वेळ आली पक्षाघातानंतर. बोलणं जड का होईना परतलं, गिळणं मात्र नाही. घोटभर पाण्यानंही ठसका. काही आठवडे नाकातली नळी सोसली, मग ‘पेग’ बसवलं: पोट न फाडता, दुर्बिणीच्या मदतीनं थेट जठरात घातलेली नळी. गाउडरर आणि पॉन्स्की या डॉक्टरांनी १९७९ मध्ये क्लीव्हलंडला ती प्रथम बसवली, एका तान्ह्या बाळाला. साडीखाली ती कुणाला दिसतही नाही.

अडचण पोटाची नव्हती, पंगतीची होती. सून आतल्या खोलीत दार लावून सिरिंज धरायची. ‘‘चोरून जेवते का मी?’’ बाईंनी विचारलं. तेव्हापासून सिरिंज जेवणाच्या टेबलावर आली. समोर कुणी भात कालवत असेल तर त्यांना वाईट वाटेल, ही काळजी खरं तर खाणाऱ्यांचीच. शेजारीणबाई सवयीनं कन्नडमध्ये ‘‘ऊट आय्ता?’’ (जेवण झालं का?) विचारतात आणि ओशाळतात. बाई ठणठणीत ‘‘आय्तु’’ (झालं) म्हणतात.

होळीला सुनेनं पुरणपोळी मिक्सरमधून काढून द्यायची तयारी दाखवली. ‘‘पोळीचं असं काही करायचं नाही,’’ बाईंनी बजावलं. त्यांना कटाची आमटी हवी होती. स्पीच थेरपिस्टनं परवानगी दिली होती तेवढा थेंब जिभेवर, बाकीची गाळून नळीतून. गाळणीतून निसटलेलं खोबरं नेमकं नळीत अडकलं. कोमट पाणी सोडून, दट्ट्या हलकेच मागेपुढे करून ती मोकळी व्हायला बराच वेळ गेला. सुनेनं आता आमटीसाठी मलमलचं फडकं वेगळं काढून ठेवलंय, आणि बाईंच्या मते तिनं गूळही जरा कमी घालायला हवा.