टक-खट्... सर्रर्र!

चार महिने घालवून फक्त दोन बटणं एकापाठोपाठ दाबायला शिकलेला माणूस तुम्ही पाहिलाय? नसेल तर हॅलो, मीच ती! बायोडेटात मी हे लिहीत नाही, तेवढी अक्कल आहे मला. पण २०२० सालात मी नेमकं काय केलं असं कुणी विचारलं, तर खरं उत्तर एवढंच आहे. लोकांनी डालगोना कॉफी केली, आंबट पाव भाजले. मी वेव्हडॅश शिकले.

सांगते.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊनच्या दोन दिवस आधी मी पुण्याहून मालवणला घरी आले. मास कॉमची डिग्री, पहिली नोकरी, वय वर्षं तेवीस. ऑफिसने सांगितलं होतं, घरून काम करा. एप्रिलच्या शेवटी त्याच ऑफिसचा तीन ओळींचा ई-मेल आला. आभार, शुभेच्छा आणि लॅपटॉप परत पाठवण्याचा पत्ता. (लॅपटॉप माझाच होता, हे त्यांच्या लक्षातही नव्हतं!)

घरी मी सांगितलंच नाही. म्हटलं, आठवडाभरात दुसरं काहीतरी बघू. आठवड्याचा महिना झाला. रोज सकाळी दहाला मी अंघोळ करून, केस विंचरून माडीवरच्या खोलीत ‘ऑफिसला’ जायची. दार लावून लॅपटॉप उघडायची आणि जुने फोटो बघत बसायची. एकला आई जेवायला हाक मारायची. ‘मीटिंग चालू आहे गं’, असं मी एकदोनदा चक्क ओरडून सांगितलंय. कुठे फेडू हे पाप?

जुलैत धो धो पाऊस सुरू झाला आणि पोटमाळा गळायला लागला, म्हणून ओंक्या आणि मी वरचं सामान खाली काढलं. ओंक्या म्हणजे ओंकार, माझा चुलतभाऊ, तेव्हा पंधरा वर्षांचा. त्या सामानात एक खोका सापडला. दुबईच्या आत्याने कधीतरी घर बदलताना पाठवून दिलेला. आत जांभळा, चौकोनी, वर हँडल असलेला डबा... निन्टेन्डोचा गेमक्यूब! सोबत दोन कंट्रोलर आणि एकच डिस्क, ‘सुपर स्मॅश ब्रदर्स मेले’. २००१ सालचा गेम. नाव ‘मेले’, आणि पहिले दोन आठवडे मी खरोखर तेवढंच केलं.

आता ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी. मारिओ, त्याचा उंच भाऊ लुइजी, आपला पिकाचू, असे सगळे एका अधांतरी फळीवर उभे राहून मारामारी करतात. मार बसला की टक्के वाढतात. टक्के जितके जास्त, तितके तुम्ही पुढच्या ठोशाला लांब उडता. फळीवरून बाहेर गेलात आणि परत येता आलं नाही, की एक जीव खल्लास. दशावतारात एका बाकड्यासमोर दोन राजे गरागरा फिरत झुंजतात ना, तसंच काहीसं, फक्त मृदंग नाही.

आमच्या माडीवर जुना, पाठीला कुबड असलेला डबा टीव्ही होता. लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिना त्याच्यात फिट्ट बसल्या. नंतर कळलं, की हा गेम सिरियसली खेळणारे लोक आजही असले अवजड टीव्ही उचलून स्पर्धांना नेतात. नवे सपाट टीव्ही चित्र दाखवण्याआधी जरा विचार करतात, डबा टीव्ही करत नाही. भंगारवाल्याने दोनशे रुपये सांगितलेली वस्तू एकदम प्रोफेशनल निघाली!

ओंक्याने यूट्यूब बघून बघून आठ दिवसांत वेव्हडॅश उचलला. मला म्हणाला, ‘ताई, ह्या येत नाय तवसर तुझा काय खरा नाय.’

वेव्हडॅशचा फंडा ऐकायला सोपा आहे. उडी मारायची, आणि पाय जमिनीवरून सुटतात त्याच क्षणी हवेतल्या हवेत मार चुकवायचं बटण दाबायचं, काडी तिरकी खाली धरून. गडी हवेत जायच्या आतच जमिनीला टेकतो आणि बर्फावरून गेल्यासारखा सर्रर्र घसरतो. बस्स. पण हा ‘त्याच क्षणी’ म्हणजे किती? गेम सेकंदाला साठ चित्रं दाखवतो. त्यातल्या एका चित्राला म्हणायचं फ्रेम. उडीसाठी गुडघे वाकवण्यात फॉक्स नावाचा कोल्हा ३ फ्रेम घेतो, लुइजी ४, आणि तो बोजड बाउझर ८. बटण त्याच्या आधी पडलं तर गेम ते मोजतच नाही, नुसती उडी होते. उशिरा पडलं तर गडी हवेत वेडीवाकडी गिरकी घेऊन धपकन खाली येतो. लुइजीच्या बाबतीत सगळा मामला सेकंदाच्या पंधराव्या भागाचा. तुमची पापणीसुद्धा याहून सावकाश लवते.

मी लुइजी निवडला, कारण तो सगळ्यांत लांब घसरतो. त्याच्या बुटांना पकडच नाही. त्या दिवसांत मला तो जवळचा वाटला, काय सांगू!

दोन बोटांचं काम. उजवा अंगठा उडीच्या ‘वाय’वर, तर्जनी मागच्या ‘आर’वर. आणि या ‘आर’ची एक खोड आहे. ते स्प्रिंगवरचं बटण आहे, अर्धं दाबलं तर हवेत काहीच होत नाही. तळाला जाऊन खट् वाजलं तरच मोजतात. म्हणजे आवाज असा यायला हवा: टक-खट्. माझा यायचा टक... खट्. किंवा खट्टक. ओंक्या शेजारी चणे खात बसून म्हणायचा, ‘ताई, तू भियातस. भिऊन आधीच दाबतस.’ पंधरा वर्षांच्या पोराने हे सांगावं!

काका खाली पडवीत बसलेले असायचे. त्यांची दांडीच्या किनाऱ्यावर पर्यटकांची होडी, ती तर बंदच. त्यांनी मला बजावून ठेवलं होतं, ‘तू घराकच आसस, तर ह्याच्यावर जरा लक्ष ठेव. दहावी आसा त्याची.’ लक्ष मी ठेवत होते. अगदी दीड फुटावरून.

आणि मग एक दिवस सकाळी साडेअकराला, माझ्या ऑफिसच्या ऐन वेळेत, ओंक्या ऑनलाइन क्लास सोडून वर आला आणि मी कंट्रोलर घेऊन बसलेली. लॅपटॉप बंद. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. त्याने काहीच विचारलं नाही. दुसरा कंट्रोलर उचलला, फॉक्स निवडला. त्याने माझं सांगायचं नाही, मी त्याचं. असा करार झाला, एक शब्द न बोलता.

ऑगस्ट गेला. सप्टेंबर. अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं, मी रात्री आयोडेक्स चोळून झोपायची. दहातले दोन जमायचे, मग चार, मग एकदम पुन्हा शून्य. शिकण्यात असं मागे जाणं मला नवीनच होतं. कॉलेजात मी पटकन शिकणारी आणि पटकन सोडणारी मुलगी. गिटार तीन आठवडे, जर्मन दीड महिना. इथे सोडून जाणार कुठे? रात्री जेवणानंतर शंभर, सकाळी दोनशे. पैसे नाहीत, सर्टिफिकेट नाही, कुणाला सांगायची सोय नाही.

या वेव्हडॅशची एक गंमत मधेच सांगायला हवी. गेम बनवणारे मासाहिरो साकुराई यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितलं, की ही घसरण त्यांना गेम तयार होतानाच दिसली होती आणि त्यांनी ती तशीच राहू दिली. मात्र २००८ मध्ये पुढचा गेम ‘ब्रॉल’ आला त्यात ती काढून टाकली. नवख्यांना सोपं जावं म्हणून! पण जुन्यांपैकी कित्येक जण हललेच नाहीत, ते बारा वर्षांच्या जुन्या ‘मेले’लाच चिकटून राहिले. इतके, की २०१३ मध्ये अमेरिकेतल्या ‘इव्हो’ या मोठ्या स्पर्धेत कुठला गेम घ्यायचा हे स्तनांच्या कर्करोगावरच्या संशोधनासाठी देणग्या गोळा करून ठरणार होतं, तर मेलेवाल्यांनी नव्वद हजार डॉलरच्या वर उभे केले आणि जागा पटकावली.

एवढं काय आहे त्या घसरण्यात? ते मला ऑक्टोबरमध्ये कळलं, आणि टीव्हीसमोर नाही.

पाऊस सरला होता. संध्याकाळी पाय मोकळे करायला मी चिवल्याच्या किनाऱ्यावर गेले, तिथे रापण ओढत होते. होडीने समुद्रात अर्धगोल जाळं टाकून आणलेलं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, आणि प्रत्येक दोराला वीस-पंचवीस माणसं. लहानपणापासून शंभरदा पाहिलेलं. पण त्या दिवशी माझी नजर पायांवर गेली. सगळे मागे मागे जात होते. टाचा वाळूत रुतवून, अंग मागे टाकून, एक एक पाऊल माडांच्या दिशेने. आणि तोंडं सगळ्यांची समुद्राकडे. पाठ कुणीच फिरवली नव्हती. फिरवून चालणारच नाही, जाळ्यावरची नजर सुटेल.

स्मॅशमध्ये उलट्या पावली चालता येत नाही. मागे जायचं तर गडी वळतो, पाठ दाखवतो आणि त्या पाठीत मार खातो. वेव्हडॅशमध्ये मात्र गडी घसरताना उभाच असतो. मागे सर्रकन सरतो, पण तोंड समोर आणि दोन्ही हात मोकळे. समोरच्याचा ठोसा हवेत जातो आणि त्याच क्षणी तुम्ही त्याला धरू शकता. मी तीन महिने नुसती घसरण मोजत होते, कुणापासून घसरायचं ते बघतच नव्हते!

घरी येऊन ओंक्याला हरवलं असं लिहायला मला आवडलं असतं. नाही हरवलं. पण त्याचा एक जीव घेतला, मागे सरून. तो म्हणाला, ‘आयला!’

दिवाळीच्या आधीची गोष्ट. आजी माडीच्या खालच्या खोलीत झोपते. डोळे अधू, पण कान असे की शेजारच्या परड्यात नारळ पडला तर कुणाच्या माडाचा ते सांगेल. मी चहा घेऊन गेले तर म्हणाली, ‘आता बरा वाजता.’

‘काय गं?’

‘ता तुझा टक-खट्. आधी तुटक तुटक वाजायचा. आता एकसारख्या वाजता.’ आणि बशीत चहा ओतता ओतता, ‘ऑफिसचा काम असा वाजत नाय गो.’

मी गप्प. तिला जुलैपासून माहीत होतं. लॅपटॉपच्या कीबोर्डचा आवाज एप्रिलमध्येच थांबलाय, हेही तिने ऐकलं होतं. इतके दिवस मला वाटत होतं की माडीचं दार लावलं की झालं!

त्या रात्री बाबा भरडावरचं दुकान बंद करून आले, तेव्हा मी सांगून टाकलं. एका दमात, न थांबता, एप्रिलपासूनचं सगळं. मनात उत्तरं तयार ठेवली होती, कोरोनाचं, मंदीचं, कुणाकुणाची गेली त्या यादीचं. बाबांनी चपला काढल्या, पाय धुतले. म्हणाले, ‘मगे? जेवलंस काय?’

एवढंच. आई मात्र दोन दिवस बोलली नाही, ते ‘मीटिंग’ प्रकरण तिला लागलं होतं. बरोबरच होतं तिचं.

पुढच्या आठवड्यात मी दांडीवर ओढून ठेवलेल्या पर्यटकांच्या होड्यांवर लिहिलं, काकांशी आणि त्यांच्या मित्रांशी बोलून. तो माझा पहिला फ्रीलान्स लेख. मानधन पाच महिन्यांनी आलं. फ्रीलान्सर मंडळी हसतायत, दिसतंय मला.

ओंक्याचं विचाराल तर त्याची दहावीची परीक्षाच झाली नाही. एप्रिल २०२१ मध्ये ती रद्द झाली आणि मार्क ठरले नववीच्या निकालावर आणि दहावीच्या अंतर्गत मूल्यमापनावर. म्हणजे आमच्या करारातले ते बंक केलेले क्लास सगळे मोजले जाणार! जुलैत निकाल लागेपर्यंत त्याच्यापेक्षा मलाच टेन्शन होतं. पास झाला, बऱ्यापैकी. काकांना मी अजूनही सगळं सांगितलेलं नाही. हा लेख ते वाचतील का, बघू.

त्याआधी मे महिन्यात तौक्ते वादळ आलं. आमच्या वाडीत आठ दिवस वीज नव्हती. अंधारात, पडवीत, ओंक्या मांडीवर नुसता कंट्रोलर घेऊन बसायचा, कशालाही न जोडलेला. टक-खट्. टक-खट्. आतून आजी सांगायची, ‘ह्यो चुकलो.’ आणि चुकलेला असायचा.

आता ओंक्या पुण्यात इंजिनीअरिंगला आहे आणि मी अर्धा महिना इथे, अर्धा तिथे. गेल्या गणपतीत तो घरी आला. आरती झाली, मोदक झाले, आम्ही माडीवर गेलो. टीव्हीला दोन थपडा माराव्या लागल्या, मग चित्र आलं. तो फॉक्स, मी लुइजी. तो अंगावर आला, मी मागे सरले, त्याचा ठोसा हुकला, मी धरलं. ‘परत,’ तो म्हणाला. मग परत. मग आणखी एकदा.

साडेबाराला मी पाणी प्यायला खाली आले तर आजी जागीच. तिला आता कानाचं मशीन लागतं. माझ्याकडे बघत तिने ते काढलं, डबीत ठेवलं आणि म्हणाली, ‘आता खेळा कितीय.’