ताप आला तर गोळी

2 जानेवारी 2021 रोजी राज्यात कोरोना लसीकरणाची रंगीत तालीम झाली, ती पुणे, नागपूर, नंदुरबार आणि जालना या जिल्ह्यांत. तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपेही आमच्या जालन्याचेच. त्यामुळे आमच्याकडे लस येण्याआधीच तिच्या गप्पा रंगल्या होत्या. मार्चमध्ये साठीपुढच्यांना लस खुली झाली आणि घरात अण्णांचा नंबर लागला.

अण्णांना सुईची भीती नव्हती, घोर होता गोळ्यांचा. रक्तदाबाची, साखरेची आणि हृदयाच्या दुखण्यानंतर सुरू झालेली अ‍ॅस्पिरिन. मोंढ्यावर कुणीतरी सांगितलं की रक्त पातळ करणारी गोळी आठवडाभर आधीच बंद करा, नाहीतर दंड काळानिळा पडतो. अण्णांनी ती पट्टी डब्यातून काढून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवूनही दिली. आईने सकाळी गोळ्या मोजल्या आणि लगेच डॉक्टरांना फोन लावला.

डॉक्टर स्पष्ट बोलले: एकही गोळी चुकवायची नाही. सिस्टरला अ‍ॅस्पिरिनचं आधी सांगायचं, टोचल्यावर कापूस काही मिनिटं दाबून धरायचा, चोळायचा नाही. दंडावरचा डाग चार दिवसांत जातो. मनानेच बंद केलेल्या गोळीने हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. एवढा फरक मोंढ्यावर कुणी सांगत नव्हतं, याचं आजही वाईट वाटतं.

कोविशील्ड घेतली त्या रात्री अण्णांना हुडहुडी भरली. दंड ठणकत होता, पांघरूणं पुरेनात. हे अपेक्षितच होतं: लसीच्या माहितीपत्रकात निम्म्याहून अधिक लोकांना डोकेदुखी आणि थकवा, तर दहांतल्या तिघांहून अधिक जणांना कणकण येते असं दिलं होतं. शेजारच्या काकांनी आपली नेहमीची अंगदुखीची गोळी पुढे केली. आईने ती परत केली. अ‍ॅस्पिरिनच्या जोडीला तसली वेदनाशामकं घेतली तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो, रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडावर ताण येतो. अण्णांना पॅरासिटामॉल दिली, भरपूर पाणी पाजलं. सकाळी ते चहा मागत उठले.

लस घेण्याआधीच गोळी घेऊन ठेवावी का, हा प्रश्न तेव्हा गल्लोगल्ली होता. 2009 मध्ये चेक प्रजासत्ताकातल्या तान्ह्या बाळांवरचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला. नेहमीच्या लसींसोबत ठरवून पॅरासिटामॉल दिलेल्या बाळांना ताप कमी आला, पण काही लसींची प्रतिपिंडंही कमी तयार झाली. ऑक्सफर्डच्या कोरोना लसीच्या सुरुवातीच्या चाचणीत मोठ्या माणसांत मात्र असा तोटा दिसला नाही. म्हणून अण्णांच्या डॉक्टरांचा नियम साधा होता: ताप आला तर गोळी.

काही लक्षणं मात्र गोळीवर निभावायची नसतात. मे 2021 मध्ये केंद्राने सांगितलं की कोविशील्डनंतर वीस दिवसांत दम लागला, छातीत दुखलं, पाय सुजला, अंगावर लाल ठिपके उठले किंवा डोकेदुखी थांबेनाशी झाली तर थेट दवाखाना गाठा. गुठळ्यांचं प्रमाण तेव्हा दहा लाख डोसमागे 0.61 होतं. आईने ही यादी वहीच्या कागदावर उतरवून फ्रिजवर चिकटवली.

3 जानेवारी 2022 पासून पंधरा ते अठरा वयोगटाला कोव्हॅक्सिन मिळू लागली. माझ्या लेकीला केंद्रावर पॅरासिटामॉलच्या तीन गोळ्याही हातात दिल्या. दोनच दिवसांनी भारत बायोटेकने जाहीर केलं की कोव्हॅक्सिननंतर अशा गोळ्यांची शिफारस नाही. तिचा दंड संध्याकाळपर्यंत दुखला, ताप आला नाही, गोळी दिली नाही. दुसऱ्या डोसनंतर अंग तापलं, तेव्हा जेवणानंतर एक दिली आणि ती सकाळी क्लासला गेली.