एकाच मापाची दोन विमाने आणि दोन कागद

१/ आपल्याकडे विमानांचा इतिहास म्हटला की बहुधा युद्धविमानांची गोष्ट निघते. आजची गोष्ट प्रवासी विमानांची, आणि त्याहून अधिक बाजारपेठेची आहे. साठच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील दोन कंपन्यांनी जवळजवळ एकसारखी विमाने बांधली, त्याच त्या गिऱ्हाइकांसाठी त्या झुंजल्या आणि दोघींनीही हात पोळून घेतले. माझा एरवीचा अभ्यास मोडी कागदांचा. तरीही ही कथा माझ्या मनातून जात नाही, कारण तिच्या मध्यभागी दोन कागद आहेत. एक खरा होता, तो अडवला गेला. दुसरा खोटा होता, तो चालून गेला.

२/ आरंभ १९६६ चा. अमेरिकन एअरलाइन्सचे अभियंता फ्रँक कोल्क यांना रुंद अंगाचे, दोन इंजिनांचे, न्यूयॉर्कच्या लाग्वार्डियासारख्या आखूड धावपट्टीवरूनही उडू शकणारे मोठे विमान हवे होते. लॉकहीड आणि डग्लस या दोन्ही कंपन्या कामाला लागल्या. इतर विमानसेवांना मात्र डोंगर आणि समुद्र ओलांडायचे होते; त्यांनी तिसऱ्या इंजिनाचा आग्रह धरला. अशा रीतीने लॉकहीडचे ‘एल-१०११ ट्रायस्टार’ आणि मॅकडॉनेल डग्लसचे ‘डीसी-१०’ ही तीन इंजिनांची दोन विमाने आकाराला आली. नवख्या माणसाने ती ओळखावीत ती शेपटीवरून: डीसी-१० चे तिसरे इंजिन उभ्या शेपटीत आरपार बसवलेले, तर ट्रायस्टारचे धडाच्या टोकात दडलेले.

३/ १९६८ च्या फेब्रुवारीत अमेरिकन एअरलाइन्सने डीसी-१० निवडले. मार्चअखेरीस ईस्टर्न आणि टीडब्ल्यूए यांनी ट्रायस्टारला कौल दिला. एप्रिलमध्ये युनायटेड डीसी-१० कडे गेली. एका विमानाला जेमतेम पुरेल अशी बाजारपेठ दोघांत वाटली गेली. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत हे दोन्ही कंपन्यांना कळत होते. पण तोवर इतका पैसा गुंतला होता की मागे फिरणे कोणालाच परवडणारे नव्हते. डीसी-१० ने पहिले उड्डाण केले २९ ऑगस्ट १९७० रोजी, ट्रायस्टारने १६ नोव्हेंबरला. अंतर अवघे अडीच महिन्यांचे.

४/ मग लॉकहीडवर संकट कोसळले. ट्रायस्टारची इंजिने ब्रिटनची रोल्स-रॉइस बनवत होती. त्या इंजिनाच्या खर्चाने ती कंपनीच ४ फेब्रुवारी १९७१ रोजी दिवाळखोरीत गेली आणि ब्रिटिश सरकारला ती ताब्यात घ्यावी लागली. इकडे लॉकहीडला वाचवण्यासाठी २५ कोटी डॉलरच्या कर्जाची सरकारी हमी द्यावी की नाही, यावर अमेरिकी सिनेटमध्ये मतदान झाले: ४९ विरुद्ध ४८. एका मताने कंपनी तरली. त्याच महिन्यात, ऑगस्ट १९७१ मध्ये, डीसी-१० प्रवासी घेऊन उडू लागले. ट्रायस्टारला एप्रिल १९७२ उजाडला.

५/ आता डीसी-१० च्या एका दाराकडे वळू. प्रवासी कक्षाखालच्या मालकप्प्याचे हे दार बाहेरच्या बाजूला उघडत असे. त्यामुळे आत मालाला जागा जास्त मिळे. परंतु उंचीवर आतल्या हवेचा सगळा दाब दाराच्या कड्यांवर येई. दार निसटले तर मालकप्प्यातला दाब क्षणात नाहीसा होणार, वरच्या कक्षातला दाब मधली जमीन खाली दाबणार आणि त्या जमिनीतून शेपटीकडे जाणाऱ्या नियंत्रणाच्या तारा अडकणार किंवा तुटणार. मे १९७० मध्ये जमिनीवरच्या दाबचाचणीत नेमके हेच दिसले: दार उडाले, जमीन खचली. कड्यांच्या रचनेत दुरुस्त्या झाल्या, आणि वेळापत्रक पुढे चालू राहिले.

६/ १२ जून १९७२. डेट्रॉइटहून निघालेल्या अमेरिकन एअरलाइन्सच्या डीसी-१० चे तेच दार कॅनडातील विंडसर शहरावर आकाशात निखळले. मागची जमीन खचली, काही तारा गेल्या. कॅप्टन ब्राइस मॅकॉर्मिक यांनी उरलेल्या नियंत्रणांवर विमान डेट्रॉइटला परत उतरवले. सगळे ६७ जण वाचले.

७/ पहिला कागद पंधरा दिवसांनी लिहिला गेला. डीसी-१० चे धड बांधणाऱ्या कॉन्व्हेअर या उपकंत्राटदार कंपनीतील अभियंता डॅन ॲपलगेट यांनी २७ जूनला वरिष्ठांना टिपण पाठवले. ही दारे पुढेही उघडणार आणि त्यात बहुधा अख्खे विमान जाणार, असा त्याचा आशय होता. वरिष्ठांनी मुद्दे खोडले नाहीत. हा विषय आपण उकरला तर दुरुस्तीचा खर्च आपल्याच माथी येईल, एवढेच त्यांचे उत्तर. टिपण डग्लसपर्यंत पोहोचले नाही.

८/ त्याआधीच विमान वाहतूक प्रशासनाचे प्रमुख आणि डग्लसचे प्रमुख यांच्यात दूरध्वनीवर समझोता झाला होता: बंधनकारक आदेश निघणार नाही, कंपनी आपल्या परिपत्रकांद्वारे दुरुस्ती करवील. जाहीर आदेशाने विक्रीच्या ऐन हंगामात विमानाची बदनामी झाली असती. पुढे टर्किश एअरलाइन्सला दिलेल्या एका डीसी-१० च्या कारखान्यातील नोंदींवर, दाराच्या कड्यांना आधारपट्टी बसवल्याचे तपासनिसांचे शिक्के उमटले. हा दुसरा कागद. पट्टी प्रत्यक्षात बसवलीच नव्हती.

९/ ३ मार्च १९७४ रोजी ते विमान पॅरिसहून लंडनला निघाले. ब्रिटिश विमानसेवेतील संपामुळे अडकलेले कितीतरी प्रवासी ऐनवेळी त्यात चढले होते. काही मिनिटांत दार गेले, तारा गेल्या आणि एर्मेनोंव्हीलच्या जंगलात ३४६ माणसे मृत्युमुखी पडली. ॲपलगेट यांचे टिपण उजेडात आले ते त्यानंतरच्या खटल्यांच्या ओघात.

१०/ साधनचिकित्सेत आम्हाला शिकवतात: कागद अस्सल की बनावट हे आधी पाहा. मोडी रुमाल सोडताना मीही तेच करते. पण या प्रकरणाने मला त्यापुढचा प्रश्न दिला. ज्या दिवशी कागद लिहिला गेला, त्या दिवशी तो खरा मानणे कोणाला परवडणारे होते? ॲपलगेट यांचे अक्षर न् अक्षर खरे होते. ते मान्य करण्याची किंमत द्यायला कोणी तयार नव्हते. शिक्का खोटा होता. तो तपासायला कोणी थांबले नाही. एखादा दुष्ट मनुष्य शोधून ही कथा संपवता येत नाही. प्रत्येकाने आपल्यापुरता हिशेब केला, आणि स्पर्धेच्या घाईत प्रत्येकाला तो रास्तच वाटला.

११/ लॉकहीडला मात्र या कथेचा नायक करू नका. जपानमध्ये ट्रायस्टार खपवण्यासाठी तिने लाच चारली. त्या प्रकरणात माजी पंतप्रधान काकुएई तानाका यांना १९७६ मध्ये अटक झाली. ट्रायस्टार २५० वर थांबले आणि लॉकहीडने प्रवासी विमानांचा धंदाच सोडला. डीसी-१० लष्करी आवृत्ती धरून ४४६ बनले. मॅकडॉनेल डग्लस १९९७ मध्ये बोईंगमध्ये विलीन झाली.

१२/ आणि कोल्क यांनी मागितलेले दोन इंजिनांचे रुंद विमान? ते युरोपने बांधले. एअरबस ए-३०० ने १९७२ मध्ये पहिले उड्डाण केले आणि १९७६ मध्ये ते इंडियन एअरलाइन्सच्या ताफ्यात आले. दोन अमेरिकी कंपन्या एकमेकींकडे पाहत धावत होत्या. गिऱ्हाइकाने पहिल्या दिवशी काय मागितले होते, तो कागदही त्या घाईत बाजूला पडला होता.