नांद्याच्या मांडवात जपानी गाणं

पत्रिका छापून आल्या त्या संध्याकाळी भाच्याचा फोन आला. "मावशी, रिसेप्शनला आम्ही चौघं मित्र जपानी गाणं म्हणणार आहोत. प्रेमाचं. यादी पाठवतो, त्यातलं एक निवडून दे." मी वीसेक वर्षं जपानीची भाषांतरं करते, पण माझ्या वाट्याला येतात ती यंत्रांची माहितीपत्रकं. पंपाच्या वॉशरबद्दल विचारा, झोपेतही सांगेन. प्रेमगीत निवडायची पाळी पहिल्यांदाच आली.

मुलाचं घर नांद्याला. सूस ओलांडलं की मुळशी तालुक्यातलं हे गाव; कालपरवापर्यंत भातखाचरांचं, आता खाचरांच्या बाजूला टॉवर आणि टॉवरच्या सावलीत लग्नाची लॉन. मुलगी कर्वेनगरची. "मुलगी नांदायला नांद्याला" हा विनोद साखरपुड्यापासून निदान पाच काकांनी केला, आणि प्रत्येकाने तो स्वतःलाच सुचल्याच्या थाटात.

दोघांची गाठ पडली ती जपानीच्या वर्गात. पुण्यात याचं आता कुणाला नवल वाटत नाही. रानडे इन्स्टिट्यूट, टिळक महाराष्ट्र विद्यापीठ आणि गल्लोगल्लीचे खासगी वर्ग मिळून इथे जपानी शिकणाऱ्यांची फौज तयार होते आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी जेएलपीटीच्या परीक्षेला बसते. सिंहगड रोडवरचं पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं. वर्गाबाहेरची या दोघांची पहिली भेट तिथलीच, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

यादीत सहा गाणी होती. पहिलं साकामोतो क्यूऽ यांचं 'उए ओ मुइते आरुकोऽ', १९६१चं. दोन वर्षांनी अमेरिकेत ते पहिल्या क्रमांकावर गेलं, तेही 'सुकियाकी' या नावाने, म्हणजे गोमांसाच्या रश्श्याच्या नावाने! गाण्यात रस्सा कुठेच नाही. डोळ्यांतलं पाणी खाली पडू नये म्हणून वर बघत चालणारा एकटा माणूस आहे. 'कानादे' हे २००४चं गाणं स्टेशनच्या फाटकाशी होणाऱ्या ताटातुटीचं. त्याच वर्षीचं 'हितोमि ओ तोजिते' ज्या सिनेमासाठी केलं, त्यात प्रेयसी मरते. २०१८चं 'लेमन' गेलेल्या माणसाच्या आठवणीचं. चाल गोड, शब्द सुतकी. पोरांनी गाणी कानांनी निवडली होती, आणि यातले दोघं चक्क एन-टू पास!

मी चौघांना घरी बोलावलं आणि 'इमिकोतोबा' समजावून सांगितलं. मंगलप्रसंगी टाळायचे शब्द असा त्याचा अर्थ. जपानी लग्नात कापणं, तुटणं, संपणं, परतणं हे शब्द तोंडातून निघू द्यायचे नाहीत. केकदेखील 'कापत' नाहीत, सुरी त्यात 'प्रवेश करते'. समारंभ 'संपत' नाही, 'ओहिराकी' होते, म्हणजे उघडतो. 'ताबिताबि', अर्थात वारंवार, असले जोडशब्दही वर्ज्य, कारण लग्न पुन्हापुन्हा होणं कुणालाच नको. आहेराच्या रकमेचा पहिला आकडा विषम, त्याचे दोन सारखे भाग पडू नयेत म्हणून. मित्राच्या लग्नात साधारण तीस हजार येन, त्याही कोऱ्या नोटा.

हे एखाद्या इंग्रजाला समजवायला तास लागला असता. इथे भाच्याची आजी आतून ओरडली, "मग त्यात काय नवीन? बांगडी वाढवतात, नारळ वाढवतात, निघताना 'येतो' म्हणतात. आणि पाचशेवर एक रुपया कशाला असतो?" वर्ग तिथेच आटोपला. (आटोपला, संपला नाही.)

मग नवरदेवाच्या वडिलांनी एक शिफारस आणली. त्यांना कुणीतरी सादा मासाशी यांच्या १९७९च्या 'कान्पाकु सेंगेन'ची गोष्ट सांगितली होती. कान्पाकु म्हणजे सम्राटाच्या नावाने कारभार हाकणारा, आपल्याकडचा पेशवाच म्हणा. गाण्यातला नवरा लग्नाआधीच जाहीरनामा वाचतो: माझ्याआधी झोपायचं नाही, माझ्यानंतर उठायचं नाही, स्वयंपाक चांगला हवा. जपानी बायकांनी तेव्हाच त्यावर झोड उठवली होती, आणि गाणं तरीही तुफान चाललं. शेवटी पेशवे विरघळतात आणि तू माझ्याआधी मरू नकोस म्हणतात. मला ते गाणं आवडतं, थट्टा आहे आणि तळाशी माया आहे. पण मरणाचा उल्लेख आलाच. शिवाय होणाऱ्या सुनेने फोनवर शांतपणे विचारलं, "हे कोण म्हणणार आहे?" प्रश्न मिटला.

माझं मत 'इतो'ला होतं. इतो म्हणजे धागा. नाकाजिमा मियुकी यांनी १९९२च्या आल्बममध्ये घेतलेलं हे गाणं मुळात एका ओळखीच्यांच्या लग्नासाठीच लिहिलेलं. उभा धागा एक, आडवा दुसरा, दोहोंचं मिळून कापड. ताणा-बाणा म्हटलं की येवल्याची पैठणी डोळ्यांपुढे आणणाऱ्या आपल्या लोकांना याहून सोपं काय असणार? गायिका बाई असली तरी पुरुषांनीही ते गायलंय आणि छान गायलंय. पण मतदानात मी हरले. संथ आहे, चौघं मिळून आरती म्हटल्यासारखं होईल, असं म्हणाले. अजूनही माझं मत 'इतो'लाच आहे.

निवडलं गेलं फुकुयामा मासाहारु यांचं २०११चं 'काझोकु नि नारोऽ यो'. लग्नविषयक मासिकाच्या जाहिरातीत वाजलेलं, पुरुषाच्या आवाजातलं, एकही अपशकुनी शब्द नसलेलं. पुढे आपण आईबाबांसारखे, आजीआजोबांसारखे होऊ, एवढंच स्वप्न. नावाचा अर्थ मी घरात मोठ्याने सांगितला, "कुटुंब होऊ या." भाच्याचे आजोबा खुर्चीतच हसायला लागले. त्यांच्या पिढीत 'आमचं कुटुंब' म्हणजे बायको. "दोघंही कुटुंब झाले तर यजमान कोण?"

तालमी टॉवरच्या पार्किंगमध्ये व्हायच्या. मराठी तोंडाला जपानी तसं सोपं जातं. 'त्सु' म्हणताना आपल्या चमच्यातला 'च' उपयोगी पडतो, क्रियापद शेवटी येतं, 'नारोऽ' म्हणजे सरळ आपलं 'होऊ या'. अडतं ते दीर्घ स्वरांवर. 'ओजीऽचान' म्हणजे आजोबा, 'ओजिचान' म्हणजे काका. चौघांपैकी एक जण दर वेळी तो 'जी' आखडायचा. मी टेबलावर टिचकी वाजवून मात्रा मोजून घेतल्या, वहीत 'जी'पुढे तीन अवग्रह काढून दिले. तालमीत जमायचं.

रिसेप्शनला भाच्याच्या कंपनीतले एक जपानी साहेब सपत्नीक आले होते. इंद्रायणीचा चिकट भात बघून त्यांचा चेहरा खुलला. दोनदा वाढून घेतला. दहाला स्पीकर बंद करावा लागतो म्हणून डीजेवाल्याने साडेनऊलाच पोरांना मंचावर ढकललं. पहिलं कडवं नीट गेलं. साहेबांनी ताटली खाली ठेवली, बाईंचे ओठ हलायला लागले. मग आजोबांची जागा आली, आणि व्हायचं तेच झालं. साहेबांनी माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "कोणत्या काकांसारखं?" आइस्क्रीमच्या स्टॉलपाशी पाचही काका उभे होते. मी बोट दाखवलं.

दुसऱ्या दिवशी आहेराची पाकिटं उघडली. साहेबांच्या पाकिटात पाचशेच्या सात कोऱ्या नोटा होत्या आणि वर चिकटवलेलं एक रुपयाचं नाणं.