काकांचा पीसी कधी उठतो, कधी नाही

मास कॉम केलं म्हणजे कम्प्युटर येतोच, हा आमच्या घराण्यातला समज मी आजवर खोडून काढलेला नाही. सोयीचा आहे तो. माणगावला गेलं की त्यावर सोलकढी आणि थोडा मान मिळतो. त्यामुळे २०२५च्या मे अखेरीस काकांचा फोन आला, ‘अगं, आपला पीसी सकाळी कधी उठतो, कधी उठतच नाही,’ तेव्हा मी पुण्याहून ताम्हिणीमार्गे जाणारी एसटी पकडली. फ्रीलान्सर असल्याचा फायदा हा की रजा कुणाकडे मागावी लागत नाही. (तोटे पुन्हा कधीतरी!)

काकांचं एसटी स्टँडजवळ दुकान आहे. झेरॉक्स, टायपिंग, ऑनलाइन फॉर्म. त्या वर्षी अकरावीचे प्रवेश पहिल्यांदाच अख्ख्या राज्यात ऑनलाइन झाले होते. त्याआधी ती भानगड मुंबई-पुण्यासारख्या मोजक्या शहरी भागांपुरती होती. त्यात पावसालाही घाई, २५ मेलाच महाराष्ट्रात हजर. म्हणजे सकाळी नऊला दुकानाच्या पायरीवर ओल्या छत्र्या, दहावीची मार्कशीट प्लॅस्टिकच्या पिशवीत धरलेले पालक, आणि आत काका पॉवरचं बटण दाबून उभे. चार दुकानं सोडून एका मुलानं नवीन सेंटर टाकलंय, दोन चकाचक मशिन्स. काकू एवढंच म्हणाली, ‘बाय, तू सांग यांना. एकसष्ट झाले, बास आता.’ काका ऐकून न ऐकल्यासारखं करत होते.

पहिल्या दिवशी मी गेले आणि पीसी पटकन सुरू झाला. अर्थात! डेन्टिस्टकडे गेल्यावर दात दुखायचा थांबतो, तसं. अधूनमधून होणाऱ्या बिघाडाची हीच गंमत आहे. तो समोर येत नाही, आणि आलाच तर आपण काहीतरी केल्यावर आपोआप जातो. मग श्रेय आपल्याला. मीही घेतलं. स्टार्टअपला उघडणारे सहा फालतू प्रोग्रॅम बंद केले, ‘झालं काका!’ म्हटलं आणि चहा प्यायले. दुसऱ्या दिवशी मशीन कंपनीच्या लोगोवरच अडकलं.

मग मी एक शंभर पानी वही आणली आणि काकांना लिहायला लावलं. तारीख, वेळ, कुठे अडकला, मागे काय काय जोडलेलं होतं. काका तोंड वाकडं करून म्हणाले, ‘आता याचा ताप मोजायचा?’ पण लिहायला लागले. अक्षर सुंदर आहे त्यांचं. टेस्टचा एक नियम मात्र पाळायचा होता. रिस्टार्ट करून बघायचं नाही. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन म्हणजे अर्धी झोप असते, रिस्टार्ट मात्र सगळं नव्याने सुरू करतं. त्यामुळे एकावरून दुसऱ्याचं निदान होत नाही. मी तो फास्ट स्टार्टअपच बंद केला. आता दर सकाळ एकसारखी.

आठवड्यात वहीनं जे सांगितलं ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पीसी दोन वेगवेगळ्या जागी अडकत होता. कधी सुरुवातीच्या लोगोवर, विंडोज यायच्या आधी. कधी पुढे, गोल फिरणाऱ्या ठिपक्यांवर. आम्ही दोघंही त्याला एकच रोग समजत होतो.

लोगोवाले दिवस पाहिले. प्रत्येक वेळी आदल्या रात्री काकांनी सगळे फॉर्म पेनड्राइव्हवर घेतलेले, आणि पेनड्राइव्ह सीपीयूच्या मागे तसाच राहिलेला. म्हणजे बॅकअपसारखं शहाणपणाचं काम हा माणूस इमानेइतबारे करत होता, आणि त्याच्याच पायी सकाळी मशीन अडत होतं. पण पेनड्राइव्हनं का अडावं? उत्तर घड्याळात होतं. पीसीची तारीख रोज सकाळी काही वर्षं मागे जायची, काका मुकाट्यानं बदलायचे. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल, सीआर २०३२, संपला होता. विजांच्या भीतीनं काका रात्री मेन स्विच बंद करतात. कोकणात कोण नाही करत? स्विच बंद, सेल मेलेला, की बोर्ड सगळं सेटिंग विसरतो आणि सकाळी हार्ड डिस्कच्या आधी पेनड्राइव्हवर विंडोज शोधत बसतो. सेल बाजारातच मिळाला. तो बदलून मी तारीख लावली आणि सुरू होण्याचा क्रम बदलायला विसरले, त्यामुळे परत एकदा अडकला. तेव्हा काका काही बोलले नाहीत. वहीत मात्र लिहिलं, ‘सेल नवीन. तरी अडकला.’

ठिपक्यांवरचं अडकणं मात्र साधं नव्हतं. इव्हेंट व्ह्यूअर उघडला तर कर्नल-पॉवर ४१च्या नोंदींची रांग. ते वाचून घाबरू नका. विंडोज नीट बंद न होता मशीन बंद पडलं, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे काकांनी बटण दाबून ठेवल्याची हजेरी! पण मध्ये मध्ये डिस्कच्या बॅड ब्लॉकच्या नोंदी होत्या. डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर चालवलं, तर वाचता न येणारे सेक्टर दिसले. डिस्क अशा जागी पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते. कधी जमतं, कधी नाही. म्हणून कधी उठतो, कधी नाही.

‘काका, यात काय काय आहे?’ मी विचारलं.

‘सगळं.’

त्या सगळ्यात एक फोल्डर होता, ‘वादळ’. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा मी पुण्यात होते. माणगावात कितीतरी दिवस वीज नव्हती. काका फोनवर घराघरांचे फोटो काढत फिरले होते. उडालेले पत्रे, आडवी पडलेली आंब्याची झाडं, भिंत नसलेलं स्वयंपाकघर. नंतर जनरेटरवर पीसी चालवून त्यांनी लोकांचे नुकसानभरपाईचे अर्ज टाइप केले, पंचनाम्यासाठी फोटो छापून दिले. पैसे? ‘कागदाचे घेतले.’ बऱ्याच जणांकडे त्या घराचा तो शेवटचा फोटो होता. अजूनही कुणीतरी येऊन प्रिंट मागतं, म्हणाले. फोटो काढलेला तो फोन केव्हाच बिघडला. दुसरी कॉपी नव्हती.

मला घाम फुटला, खरं सांगते. त्या डिस्कवर आठवडाभर मी काय काय प्रयोग केले होते! कॉपी आधी, डॉक्टरकी नंतर, हे पहिल्या दिवशी कळायला हवं होतं. पीसी सुरू होता तो बंदच केला नाही, आधी फोल्डर बाहेर काढला. सहा फोटो उघडलेच नाहीत. काकांनी त्यांचे नंबर वहीत लिहून ठेवले. कुणाची घरं ती, त्यांना पाठ होतं. मग पुण्याहून एसएसडी मागवली, जुन्या डिस्कची नक्कल तिच्यावर चढवली, डिस्क काढून ठेवली. पुढच्या सोमवारी नऊला दुकान उघडलं तेव्हा काकू मुद्दाम येऊन उभी होती. ठिपके दोनदा फिरले आणि डेस्कटॉप आला. पायरीवरचा पहिला मुलगा आत आला. दुकान बंद करण्याचा विषय त्या दिवशी कुणी काढला नाही.

दिवाळीत गेले तेव्हा तो निघाला, पण वेगळ्या वाटेनं. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा मोफत सपोर्ट संपला होता, आणि विंडोज ११ या मशीनवर बसत नव्हतं. काकांनी चार दुकानं सोडून असलेल्या त्या मुलाला स्वतःच विचारून नव्या मशीनचं कोटेशन घेतलं होतं. टेबलावर वही तशीच. मी पानं उलटली. रोजची नोंद होती, एकही दिवस चुकलेला नाही. शेवटची ओळ: ‘सुरू. ९.०५. पेनड्राइव्ह काढला.’